गाठोड्याबाहेर राहिलेली फाईल

मी एक फाईल बोलतेय. कपाटात धूळ खात पडलेली नव्हे, कॉम्प्युटरमधली. दिसायला अगदी साधी. एका बाजूला मुलांची वजनं, दुसऱ्या बाजूला औषधाचे डोस, बस्स. पण मध्यंतरी जे घडलं त्याचा मला असा धक्का बसलाय की अजून सावरले नाही.

माझा जन्म दोन बहिणींच्या जेवणाच्या टेबलावर झाला. थोरली लहान मुलांची डॉक्टर, धाकटी प्रोग्रॅमर. थोरली एकेक आकडा सांगायची, धाकटी टाईप करायची. एकदा एक दशांशचिन्ह सरकलं, तर थोरलीने तिला सगळे आकडे पहिल्यापासून तपासायला लावले. इतक्या धाकात वाढलेली फाईल दुसरी नसेल.

थोरलीच्या दवाखान्यात आमचं छान चाललं होतं. नर्स वजन टाकायची, धाकटीने लिहिलेला प्रोग्रॅम मला विचारायचा, मी डोस सांगायचे. माझं नावही कुणाला ठाऊक नव्हतं, पण थोडा गर्व होता म्हणा ना.

मग दुसऱ्या एका इस्पितळाने प्रोग्रॅम मागितला, तोही मूळ कोडसकट, म्हणजे आत काय आहे ते बघून त्यांना स्वतःच बसवता येईल. धाकटीने सगळं एका गाठोड्यात बांधायचा हुकूम कॉम्प्युटरला सोडला. मी तयारीत बसले. बांधणाऱ्या टूलने कोडच्या फाईली भराभर उचलल्या आणि माझ्याकडे ढुंकूनही न बघता गाठोडं बांधून टाकलं. त्याला म्हणे फक्त कोड कळतो. आकड्यांच्या फाईलीचं नाव वेगळं सांगावं लागतं. धाकटीने ते सांगितलंच नव्हतं.

पाठवण्याआधी तिने तपासलं, नाही असं नाही. पण कुठे? स्वतःच्या कॉम्प्युटरवर, मी राहते त्याच फोल्डरमध्ये बसून. प्रोग्रॅमला मी शेजारीच सापडले. सगळं सुरळीत दिसलं आणि गाठोडं रवाना झालं.

तरी मी निर्धास्त होते. तिकडे प्रोग्रॅम मला शोधेल, सापडले नाही की अडून बसेल, मग मला बोलावणं येईल, असा माझा हिशेब होता.

बोलावणं आलं नाही, फोन आला. तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, की तान्ह्या बाळाला आणि शाळकरी मुलीला प्रोग्रॅम एकच डोस दाखवतोय. बाळाचं औषध सिरिंजमध्ये भरूनही झालं होतं. ते त्यांना फार वाटलं, म्हणून हात थांबला. ते दुपटीहून जास्त होतं.

धाकटीने गाठोडं उघडून पाहिलं, तर मी आत नाही.

"फाईलच नव्हती, तर आकडा आला कुठून?" थोरलीने विचारलं.

धाकटीने कोड चाळला. माझ्या जन्माआधी, नुसता पडदा कसा दिसतो ते बघायला, तिने एक ओळ लिहिली होती: फाईल नसेल तर दहा किलोच्या मुलाचा डोस दाखव. "ती काढायची राहून गेली, ताई," ती कशीबशी म्हणाली.

मी नव्हते, आणि माझ्या जागी कुणीतरी बिनदिक्कत बोलत होतं.

"डोस आठवला नाही तर मी अंदाज करत नाही, थांबते," थोरली म्हणाली. "तुझ्या प्रोग्रॅमलाही थांबायला शिकव."

धाकटीने माझं नाव सांगून नवं गाठोडं बांधलं. या वेळी ते नवऱ्याच्या कॉम्प्युटरवर बसवून पाहिलं, जिथे माझा मागमूस नव्हता. आणि पुन्हा तेच. मी गाठोड्यात होते, पण प्रोग्रॅम बसवताना तिथेच राहिले. गाठोड्यात घालायला एकदा सांगायचं आणि बसवताना सोबत न्यायला पुन्हा वेगळं सांगायचं, हे तिला तेव्हा उमगलं. दोन्ही सांगितल्यावर मी एकदाची पोचले. ती जुनी ओळ तिने पुसून टाकली आणि फाईल नसेल तर थांबायचं, असं तिथे लिहिलं.

आता मी त्या इस्पितळातही असते. तिथले डॉक्टर माझा प्रत्येक आकडा हाताने पडताळतात आणि मला त्याचा राग येत नाही.

परवा धाकटीने मला मुद्दाम बाजूला काढून प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर आलं: डोसचा तक्ता सापडत नाही, औषध देऊ नका. एवढंच माझं मागणं आहे. मला विसरलात तरी चालेल, पण मी नसताना माझ्या नावाने कुणाला बोलू देऊ नका.