सत्ताविसावा तुकडा

श्यामसुंदरकाकांनी शेवटचा स्क्रू काढून कॉम्प्युटरचं झाकण उचललं, तशी आतून एक पाल निघाली, त्यांच्या मनगटावरून तुरुतुरु धावली आणि दाराबाहेर मांडवाच्या बांबूवर चढून बसली.

"हा घ्या तुमचा व्हायरस," काका म्हणाले.

सोनल हसली नाही. दारात वायरचं भेंडोळं घेऊन उभा असलेला रूपेश मात्र हसला, आणि बहिणीची नजर वळताच गप्प झाला. सकाळपासून त्याला या खोलीत यायची बंदी होती. परवा त्याचं लग्न. उत्साहाच्या भरात त्याने मांडवातले हॅलोजन आणि साउंडवाल्याचा अ‍ॅम्प्लिफायर कॉम्प्युटरच्याच बोर्डावर जोडले होते, आणि सोनल ऐन सेव्ह करत असताना अख्ख्या घराचा फ्यूज उडवला होता.

"दोनच हॅलोजन होते, काका."

"चार!" सोनल म्हणाली.

"त्यातले दोन पेटलेच नाय. ते कशाला मोजते?"

कोपऱ्यातून टक-टक आवाज आला. चटईवर बसलेल्या पुतळाआत्यांनी बोटातली अंगठी तांब्यावर दोनदा आपटली होती. एक टक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. तीनचा अर्थ घरातल्यांना ठाऊक होता, पण पाहुण्यांसमोर कुणी सांगत नसे.

पुतळाआत्या म्हणजे पाच गावांची धवलारीण. इथल्या नावडे गावच्या आगरी लग्नात भटजी असतोच, पण मांडव घालण्यापासून नवरी घरात घेण्यापर्यंत एकेक विधी पुढे सरकतो तो धवलारणीच्या गाण्यावर. तिने धवला थांबवला तर हळदीने भरलेला हातही हवेत थांबतो. आणि महिन्यापूर्वी आत्यांच्या घशाचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी दीड महिना तोंडातून शब्द काढायचा नाही म्हणून बजावलं होतं. लग्नसराईत दुसरी धवलारीण मिळणं म्हणजे ऐन मे महिन्यात पाण्याचा टँकर मागण्यासारखं. तेव्हा गाणार होती सोनल, कागदावर बघून.

दोन वर्षं आत्या गात होत्या आणि ही भाची टाइप करत होती. बेलापूरच्या एका ऑफिसने भंगारात काढलेलं ते यंत्र. त्याला मराठी येत नसे, म्हणून इंग्रजी अक्षरांतून. सगळं मिळून एकसष्ट पानं झाली होती. फ्लॉपीवर घेऊन पनवेलला छापायला न्यायची, असं ठरलं होतं. कधी, तर उद्या. जगातली प्रत्येक बुडालेली डिस्क उद्याच फ्लॉपीवर जाणार असते.

"पण तुला थोडंफार पाठ असेलच की," काका म्हणाले.

"माझं डोकं म्हणजे चाळण, काका. बारावीला एक कविता पाठ झाली नाही. आत्या गायची, मी नुसती बोटं चालवायची." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मिळेल ना सगळं?"

"सगळं मिळेल," काका म्हणाले. "सांगलीकडे एका कारखान्याची डिस्क उसाच्या रसात पडली होती. मी ती धुतली, दोरीवर वाळत घातली, आणि अक्षर न् अक्षर काढून दिलं. फक्त नंतर मॅनेजरला मधुमेह झाला, तेवढंच."

काका राहत त्या खांदेश्वरच्या सोसायटीत त्यांच्या अशा गोष्टी पाण्याच्या टाकीजवळ रोज ऐकायला मिळत. एका कंपनीच्या कॉम्प्युटर खात्यात त्यांची तीस वर्षं गेली होती, हे त्यातलं एवढंच खरं. बाकी त्यांचं त्यांनाही आठवत नसे.

त्यांनी वायरी घट्ट केल्या, स्वतःची फ्लॉपी घातली आणि तपासणी सुरू केली. पडदा निळा झाला. डिस्क शेतातल्या बेडकासारखी कटकट करू लागली.

"गाणी कुठे गेली नाहीत," काका समजावू लागले. "तुकडे जागच्या जागी आहेत. कुठल्या तुकड्यापुढे कुठला, याची यादी फाटलीय. आता हा जे जे सापडेल त्याला नंबर देईल आणि आपल्यासमोर टाकेल. ओळीत लावायचं आपण."

पडद्यावर छोटे छोटे चौकोन भरत चालले. मध्येच तीन चौकोनांत इंग्रजी बी उमटला.

"हा बी कसला?" रूपेशने दारातून मान लांब केली.

"बी म्हणजे बरोब्बर," काका म्हणाले.

बी म्हणजे तेवढी जागा कायमची बाद. काकांनी रुमालाने मान पुसली.

बेचाळीस तुकडे निघाले. सोनल चहा टाकायला उठली, तेव्हा काकांनी ते एकेक उघडून पाहिले. अक्षरं धड होती. सत्ताविसावा उघडला. हळदीचा धवला. चार ओळी नीट होत्या. त्यांच्याखाली हसरे चेहरे, पत्त्यांतले बदाम, किलवर, अर्धवट चौकटी, पडदाभर. काका खाली खाली जात राहिले. बदाम संपेनात.

सोनल कप घेऊन आली. "काय झालं?"

काकांच्या जिभेवर कोकणातल्या एका बँकेची गोष्ट तयार होती. खरं काय ते मात्र तयार नव्हतं.

"काही नाही. हा शेवटी बघू," म्हणून त्यांनी सत्ताविसावा बंद केला.

मग दुपारभर खोलीत एक विचित्र कामकाज चाललं. काका तुकडा उघडत, सोनल गुणगुणत वाचे, आत्या तांब्यावर टक करत. दोन टक आले की काका तो बाजूला ठेवून दुसरा काढत. अकराव्याला बारावा जोडलेला नव्हता, अकराव्याला तिसावा होता; तांदळाच्या धवल्याचं शेपूट मांडवाच्या धवल्याला चिकटलं होतं. एकदा सोनलने ओळ वाचली आणि आत्यांनी तीन टक दिले.

"काय म्हणतात?" काकांनी विचारलं.

"मी चाल चुकले," सोनल लाल होत म्हणाली. "पुढचं नाही सांगत."

सुरुवातीला ती शब्द चाचपडत वाचायची. मग आवाज जरा मोकळा झाला. चार वाजेपर्यंत ती गाऊ लागली होती, आणि मांडवात खुर्च्या मांडणारी पोरं हळू बोलू लागली होती. काका यादी लिहीत होते. एकेक नंबर खोडला जात होता, आणि शेवटी कागदावर एकच उरला.

"सत्तावीस," सोनल म्हणाली. "हळदीचाच राहिला बघा. हा नसला तर आई म्हणते लग्न पुढे ढकला."

काकांनी तुकडा उघडला. चौथी ओळ संपली की सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. सरळ सांगायचं. हे गेलं, पोरी. माझ्याच्याने होत नाही. असं वाक्य आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं, म्हणून त्यांनी ते मनात दोनदा घोकलं.

सोनल मांडी सावरून आत्यांसमोर सरकली आणि गाऊ लागली.

"हलद उन्हानं दलली गो, हलद सावलीनं भिजली..."

दुसरी ओळ. तिसरी. आत्यांचे ओठ आवाजाशिवाय हलत होते. चौथी ओळ संपली. काकांनी पडद्याकडे पाहिलं. खाली बदामच बदाम. त्यांनी घसा साफ केला.

पाचवी ओळ आली.

काकांनी चमकून सोनलकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघतच नव्हती. तिची नजर आत्यांच्या ओठांवर होती, पण गाणं ओठांच्या मागून येत नव्हतं. कधी त्यांच्या बरोबरीने, कधी अर्धा शब्द पुढेच. उजव्या हाताची बोटं मात्र गुडघ्यावर हलत होती, दोन वर्षं हलत आली तशी. सहावी ओळ. सातवी.

"सोनल, अगं..." काकांच्या तोंडून अर्धं निघालं.

टक-टक.

आत्या त्यांच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी पडद्याकडे पाहिलं. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण दोन वर्षं अक्षरांच्या रांगा समोर पाहिल्या होत्या, आणि बदाम कोणता हे गौरीच्या जागरणात पत्ते खेळणाऱ्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. पडद्यावरून त्यांची नजर पुन्हा काकांवर आली. महिनाभर मुकी असलेल्या त्या बाईने तर्जनी उचलून आपल्या ओठांवर ठेवली.

काकांनी हात लांब करून मॉनिटरचं बटण हळूच दाबलं. पडदा काळा झाला.

रूपेश वायरचं भेंडोळं खाली ठेवून उंबऱ्यावर बसला होता. बंदी कुणाच्या लक्षात नव्हती. आत्यांनी एक टक दिला, आणि सोनलने पुढची ओळ उचलली.