अनघा-सानचा खांदा

खांदा

"श्वास सोड. अर्धाच," मागून कुसुमि-सान म्हणाले, आणि अनघाने श्वास अर्धा सोडला, गाल लाकडाला टेकवला, समोरच्या कागदावरचा काळा गोल नळीच्या टोकावरच्या खुणेवर बसवला, बोट हळूहळू मागे घेतलं आणि

खाली.

गोळी कागदाच्याही खाली, मातीच्या बांधात गेली होती. आवाज झाला की अनघाच्या डोक्यातलं वाक्य असं मध्येच तुटायचं आणि पुढचा शब्द सापडेपर्यंत खांद्यातून एक कळ मानेपर्यंत जाऊन यायची. बंदुकीच्या दस्त्याला मागे लोखंडी पट्टी होती, जुन्या पद्धतीची, चंद्रकोरीसारखी वाकवलेली. तिचं खालचं टोक दर वेळी हाडातच घुसायचं.

"दाइजोबु?" कुसुमि-सानांनी विचारलं. ठीक आहेस ना?

"दाइजोबु."

कुसुमि-सानांनी मान डोलावली.

गुन्मा प्रांतातल्या डोंगराच्या कुशीत ही नेमबाजीची जागा होती. टोकियोच्या एका बँकेत काम करणारी, एकोणपन्नास वर्षांची, जेमतेम पाच फूट उंचीची अनघा गेली बारा वर्षं सुट्टीच्या दिवशी इचिकावातल्या घरून इथल्या शिकारी मंडळात येत होती. सुरुवात वांग्यांपासून झाली होती. तिने इथे भाड्याने वाफा घेतला होता, रानडुकरांनी तो एका रात्रीत उकरून टाकला, आणि शेजारच्या वाफ्यातले कुसुमि-सान म्हणाले होते, "रडतेस काय? परवाना काढ."

दहा वर्षं छऱ्यांची साधी बंदूक बाळगल्याशिवाय इथे रायफल मिळत नाही. अनघाची ती वर्षं भरली तोवर कुसुमि-सानांनी ऐंशी ओलांडली होती. या उन्हाळ्यात त्यांनी आपला परवाना परत केला, आणि त्यांची लिव्हर ओढून भरायची जाड काडतुसाची रायफल पोलिसांच्या मंजुरीने अनघाच्या नावावर झाली. नाहीतर त्या रायफलचे करवतीने तुकडे झाले असते.

बंदूक मिळाली होती, जागा मिळायची होती. शिकारीत काही जण कुत्रे घेऊन रान उठवतात, बाकीचे नेमून दिलेल्या जागी उभे राहतात. सगळ्यांत वरची जागा खिंडीतली. तिथे इतकी वर्षं कुसुमि-सान उभे राहिले. अनघाची जागा खाली, डांबरी रस्त्यावर. बारा वर्षांत तिच्यासमोरून पोस्टमन गेला होता, दोनदा. मांसाचा वाटा मात्र सगळ्यांना सारखा. त्या सारख्या वाट्याचीच तिला लाज वाटायची.

"अनघा-सान," मंडळाचे प्रमुख ताकेइ-सान म्हणाले. गावात त्यांचं तोफूचं दुकान होतं, त्यामुळे हात कायम गोरेपान आणि सुरकुतलेले. "मोसम सुरू होण्याआधीच्या रविवारी बघू. सगळ्या गोळ्या काळ्यात बसल्या तर खिंड तुमची. नाहीतर तिथे मी उभा राहतो. जखमी अस्वल गावात उतरलं तर लोक मलाच विचारतील."

"हाइ," अनघाने होकार दिला, आणि पुन्हा बंदूक उचलली.

डोळे

त्याच दुपारी ते झालं.

दुखणाऱ्या खांद्यामुळे तिने लिव्हर जरा भीतभीतच ओढली. अशी अर्धवट ओढली की नवं काडतूस आत सरकत नाही. तिला ते कळलं नाही. तिने नेम धरला, श्वास सोडला, बोट मागे घेतलं आणि

टक्.

आवाज नाही, धक्का नाही. तरीही नळी खाली गेली, खांदा पुढे झेपावला, आणि अनघाचे डोळे गच्च मिटले होते. दिवाळीत फुलबाजी पेटवणाऱ्या लहान मुलीसारखे. शेजारच्या दोघांनी ते पाहिलं. एक जण खोकला. जपानी माणूस हसू दाबतो तेव्हा असाच खोकतो.

"बंदूक उडत नाही, त्याच्या आधी तुम्हीच उडताय," ताकेइ-सान शांतपणे म्हणाले.

अनघाने कुसुमि-सानांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली.

बर्फ

"अगं, हे काय करून घेतलंयस?" सत्यजितने टी-शर्टची बाही वर केली. दंडापासून गळ्याच्या हाडापर्यंत जांभळं, कडेला पिवळं. "जांभूळ फुटल्यासारखं दिसतंय."

"बर्फ दे. प्रवचन नको."

"प्रवचन कुठलं! माझी आई विचारते, सूनबाई रविवारी कुठे असते? मी सांगतो, भजनाला. आता भजनात कोणी खांद्यावर टाळ हाणले म्हणून सांगू?"

रुचा, त्यांची सतरा वर्षांची मुलगी, खोलीतून आली, वाकून बघून म्हणाली, "उवा, याबाइ!" बाप रे, भयंकर! आणि मग, आईचा चेहरा बघून, मराठीत, "आई, फार दुखतं? कुसुमि-सेन्सेइना सांगितलंस?"

"त्यांना काय सांगायचं? त्यांनी आयुष्यभर हीच चालवली."

"पण ते तुझ्याहून केवढे उंच आहेत!"

"रुचा, मोठ्या माणसाने प्रेमाने दिलेल्या वस्तूत खोट काढायची नसते."

"हे इंडियन आहे की जॅपनीज?" रुचाने विचारलं.

"दोन्हीकडचं," सत्यजित म्हणाला. "म्हणून तर डबल सूज."

बँकेत तिने खांद्याचं कारण गोल्फ असं सांगितलं. विभागप्रमुखांनी जेवणाच्या सुट्टीत छत्री हातात घेऊन तिला कंबर कशी फिरवायची ते दाखवलं. तिने मनापासून आभार मानले.

कान

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. बांध, बांध, कागदाचा कोपरा, बांध. संध्याकाळी कुसुमि-सान तिला आपल्या छोट्या पांढऱ्या ट्रकमधून स्टेशनवर सोडायला निघाले. बंदूक पेटीत बंद, पेटी तिच्या गुडघ्यांना टेकलेली. ट्रेनमध्ये लोकांना वाटायचं, बाई सॅक्सोफोन वाजवते.

वळण घेऊन झालं तरी ट्रकचा इंडिकेटर वाजतच राहिला. टिक टिक टिक. बोगदा आला, गेला. टिक टिक टिक. अनघाने वाट पाहिली. मग म्हणाली, "कुसुमि-सान, दिवा चालू राहिलाय."

कुसुमि-सानांनी रस्त्यावरची नजर न काढता मान डोलावली.

टिक टिक टिक.

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. कान कधीच झाकायचे नाहीत, झाकले तर डोंगर ऐकू येत नाही, असं ते सांगायचे, आणि तीही त्यांच्याच भरवशावर कानात नुसता कापूस घालून गोळ्या झाडत आली होती. तिने खिडकीबाहेर तोंड केलं आणि साध्या आवाजात, मराठीत म्हणाली, "तुमची बंदूक मला झेपत नाहीये हो."

त्यांनी मान डोलावली.

"खांदा सुजलाय. तुम्ही 'ठीक आहेस ना' विचारता आणि मी खोटं बोलते."

त्यांनी पुन्हा मान डोलावली, अगदी समजून, मायेने.

अनघाला आधी हसू आलं, मग भरून आलं. किती वर्षं? डोंगरात वायरलेसवर तिने दिलेल्या खबरा, जेवताना सांगितलेले रुचाच्या शाळेचे किस्से, सासरे गेले तेव्हाचं ते सगळं. की तेव्हा ऐकू येत होतं? कधी थांबलं, हे ती आता कोणालाच विचारू शकत नव्हती. तिने त्यांच्या दंडाला हात लावला आणि रस्त्याच्या कडेकडे बोट दाखवलं.

ट्रक थांबला. अनघाने त्यांच्यासमोर तोंड नेलं आणि एकेक शब्द ओठांनी कोरल्यासारखा म्हटला. "मला. दुखतं." मग जॅकेटची चेन उघडून, गळ्याशी कापड बाजूला करून तिने खांदा दाखवला.

कुसुमि-सानांनी वाकून पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?" अनघाने स्वतःच्या कानाला हात लावला.

पलीकडून एक भाजीची गाडी गेली. कुसुमि-सानांनी स्टिअरिंगवरचा हात काढला, सीटच्या मागे चाचपडलं आणि जुनं शिकारीचं जाकीट ओढून बाहेर काढलं. उजव्या खांद्याचं अस्तर उलटं केलं. आत टॉवेल शिवलेला होता. दुहेरी घडीचा, आंघोळीचा, फिकट झालेल्या फुलांचा.

"बायकोने शिवलाय," ते म्हणाले. "मंडळात कोणाला माहीत नाही. तुला सांगायला हवं होतं. पण तू दर वेळी इतक्या ठसक्यात दाइजोबु म्हणायचीस, म्हणजे तोंडावरून तसं वाटायचं, मग मला वाटलं, बाई माझ्यापेक्षा भारी आहे."

अनघा हसली. हसताना खांदा दुखला.

"दस्ता कापून घे," ते म्हणाले. "तुझ्या हाताच्या मानाने लांब आहे, म्हणून पट्टी हाडावर बसते. पट्टी काढ, जाड रबर लाव."

"ते अक्रोडाचं लाकूड, तुमच्या—"

त्यांना ओठ दिसले नाहीत. ते पुढे बोलतच होते. "आणि कान झाक. आत बोळे, वर झाकणं. दोन्ही. डोंगर काही ऐकू येत नाही. मला तर कधीचा येत नाही."

रबर

दुकानदाराने करवत लावली तेव्हा अनघा बाहेर जाऊन उभी राहिली. लांबी बदलली म्हणून पोलिसांना पुन्हा मापं दाखवावी लागली. तिने बँकेत अर्धी रजा टाकली. विभागप्रमुख म्हणाले, "गोल्फ?"

मग हलकी काडतुसं. कानात बोळे, वर झाकणं. त्यांच्या आत स्वतःचाच श्वास मोठा ऐकू येई, प्रेशर कुकर शिट्टीच्या आधी करतो तसा. ताकेइ-सानांनी खऱ्या काडतुसांत पोकळ, बिनदारूची काडतुसं मिसळून द्यायला सुरुवात केली, कुठलं कधी येणार हे तिला न सांगता. पोकळ आलं आणि नळी हलली, की चोरी पकडली. पहिल्या सकाळी ती दर वेळी पकडली गेली.

"बंदुकीला ढकलू नका," ताकेइ-सान तिच्यासमोर येऊन, हाताने करून दाखवत म्हणाले. "येऊ द्या तिला. पाहुणी आहे, आत घ्या."

अनघाने पुढच्या पायावर भार घेतला, दस्ता गालाशी आणि खांद्याच्या मांसल खोबणीत घट्ट ओढून धरला, म्हणजे त्याला धावत येऊन आपटायला जागाच उरणार नाही. टक्. हलली. लिव्हर, पूर्ण, जोरात. टक्. हलली. लिव्हर. टक्. थोडीशी. दुपारी पाऊस पडला, बाकीचे चहाला गेले. ती गेली नाही. लिव्हर. टक्.

काहीच हललं नाही.

तिने पुन्हा लिव्हर ओढली.

रविवार

सगळे मागे उभे होते. अनघाने कानांवर झाकणं घेतली आणि जग कापसात गुंडाळल्यासारखं झालं. गाल लाकडाला. लाकूड थंड होतं, तिच्या मापाचं होतं. काळा गोल, खूण, अर्धा श्वास, डोळे उघडे, उघडे, बोट मागे येत राहिलं आणि नळीच्या तोंडाशी उमटलेली नारिंगी ज्वाळा तिने पाहिली, धक्का खांद्यात आला, पाठीतून कमरेत उतरला, टाचेतून जमिनीत गेला, आणि वाक्य तुटलंच नाही, लिव्हर ओढली, नवं काडतूस बसलं, पुन्हा खूण, पुन्हा गोल, पुन्हा ज्वाळा, आणि मागे कोणी खोकलं का हे तिला ऐकू आलं नाही, ऐकायचंही नव्हतं, लिव्हर, खूण, गोल, आणि शेवटचं काडतूस संपल्यावरच तिने पूर्णविराम दिला.

ताकेइ-सानांनी कागद आणला. एक भोक काळ्याच्या अगदी कडेवर होतं, रेघेला चिकटून. त्यांनी चष्मा वर करून ते बराच वेळ न्याहाळलं.

"रेघ काळ्यातच धरतात," ते म्हणाले. "खिंड तुमची."

पाय

मोसमाच्या पहिल्या सकाळी कुसुमि-सान तिला जागा दाखवायला खिंडीपर्यंत चढून आले. दोनदा बसले. वर पोचल्यावर त्यांनी एका 'सुगी' म्हणजे जपानी देवदाराच्या बुंध्यापाशी बोट दाखवलं, वारा कुठून येतो ते हाताने सांगितलं, आणि लगेच परत फिरले. आज खालच्या रस्त्यावर ते उभे राहणार होते, नारिंगी जाकीट घालून, गाड्या थांबवायला.

अनघाने हाक मारण्यासाठी तोंड उघडलं आणि मिटलं. ते वळणापर्यंत जाईतो ती बघत राहिली. तिथे त्यांनी मागे वळून पाहिलं. तिने कमरेतून वाकून नमस्कार केला. त्यांनी हात वर केला, आणि झाडांत दिसेनासे झाले.

बुंध्यासमोर पाचोळ्याखाली जमिनीत दोन खळगे होते, एक पुढे, एक मागे. उभं राहून राहून पडलेले, बुटांच्या आकाराचे. अनघाने त्यांत पाय ठेवून पाहिले. अंतर फार होतं, मांड्यांना ताण बसत होता, आणि खिंडीचं तोंड एका फांदीआड जात होतं.

ती बाहेर आली. हातभर डावीकडे सरकली. बुटाच्या टाचेने पाचोळा बाजूला केला, गोठलेली माती उकरली, पाय रोवून भार घेऊन पाहिला, पुन्हा उकरली.

खालून, खूप लांबून, कुत्रे सोडल्याचा आवाज आला. तिने कानांवर झाकणं घेतली.