रॅम्पवरची आरती

अहो, असे दारापाशी काय टेकताय? पुढे या, आणखी पुढे. माणसाला माणूस लागून बसलं की कथा लवकर तापते. चहा मागाहून येईलच, आधी गोष्ट ऐका. देवाची आहे, कचऱ्याची आहे, आणि दोघंही एका गाडीत कसे बसले त्याची आहे.

आमची गल्ली बुधवार पेठेत, वायरींच्या आणि पुस्तकांच्या दुकानांच्या पाठीमागे. रिक्षा शिरली की सायकलवाल्याने भिंतीला पाठ लावायची, एवढी रुंद. रोज सकाळी इथे घंटागाडी येते. चालवणारा उत्तरेश्वर, कळंबकडचा. गाडीच्या मागच्या बाजूला उभी राहून ओला-सुका कचरा वेगळा करून घेणारी त्याची बायको, दीपमाला. नवरा-बायको एकाच गाडीवर, असं सहसा जुळत नाही. ह्यांचं जुळलं होतं. वाघोलीच्या खोलीतून दोघांनी बरोबर निघायचं, बरोबर परतायचं, आणि मधे कुठेतरी झाडाखाली एकाच डब्यातली भाकरी खायची. दीपमाला म्हणायची, "आमचं लगीन गावाकडं लागलं, पर संसार चाललाय तो ह्या गाडीवर."

तर झालं असं, की एके दिवशी गाडीचा भोंगा बसला. भोंगा म्हणजे तो हो, कचरा आणायची आठवण करून देणारं गाणं ज्यातून वाजतं तो. उत्तरेश्वरने रीतसर कळवलं. कचऱ्याचं खातं म्हणालं, भोंगा विजेवर चालतो, विजेच्या खात्याकडे जा. विजेचं खातं म्हणालं, आमच्याकडे खांबावरचे दिवे. गाडीला चिकटलेली वस्तू वाहनांच्या खात्याची. वाहनांचं खातं म्हणालं, चाकं आमची, इंजिन आमचं, गाणं आमचं नाही. सगळेच आपापल्या जागी बरोबर होते, आणि भोंगा आपल्या जागी मुका होता.

उत्तरेश्वरने मग गल्लीच्या तोंडाशी उभं राहून नुसतीच आरोळी ठोकली, "कचराऽऽ!"

दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली. सरोजिनीबाई. शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाल्या, पण गल्लीला शिकवणं सुटलेलं नाही.

"कोणाला हाक मारताय? इथे माणसं राहतात."

"तसं न्हाई आजी, भोंगा बंद हाय."

"आजी घरी. इथे सरोजिनीबाई. आणि भोंगा बंद असेल तर तोंडही बंद ठेवता येतं."

दुसऱ्या दिवशी त्याने शिट्टी मारली, तर वाहतूक पोलीस आला समजून सगळ्यांनी आपापल्या स्कूटर हलवल्या. थाळी वाजवली, तर कुठला तरी मोर्चा आला म्हणून दुकानांची शटरं निम्मी खाली आली. गाडी येऊन गेलेली कोणाला कळेना. मग लोकांनी काय करावं? गल्लीच्या कोपऱ्यावर, विजेच्या डब्यापाशी, कचऱ्याचा डोंगर उभा केला.

तो डोंगर पाहायला आरोग्य निरीक्षक भाग्यश्री मॅडम आल्या. बाई वाईट नाहीत, पण त्यांच्या चपलांचा आवाज आला तरी झाडू आपोआप चालायला लागतो. त्यांनी उत्तरेश्वरला दोन गोष्टी बजावल्या. एक, कोपऱ्यावर कचरा दिसता कामा नये. दुसरी, गाडी रॅम्पवर वेळेत पोचली पाहिजे. रॅम्प म्हणजे नदीच्या बाजूचा तो उंच चढाव. छोट्या गाड्या त्यावर चढतात आणि खालच्या मोठ्या ट्रकमध्ये कचरा ओततात. ट्रक निघाला की फाटक बंद.

"ह्यापुढे चूक झाली तर ही गाडी दुसऱ्याला देणार," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही कात्रजला, आणि दीपमालाताई इथे झाडणकामाला."

दीपमालाने डब्याचं झाकण दोन्ही हातांनी धरून ठेवलं. जोडी फुटणार होती, आणि तीही एका भोंग्यापायी.

उत्तरेश्वर गावाकडच्या सप्ताहात टाळ धरणारा. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत गाडी उभी केली, डोळे मिटले, आणि स्वतःच जुळवलेलं पद सुरू केलं:

"ओला ठेवा वेगळा, सुका ठेवा वेगळा,
नाम तेवढं मिसळा, दोन्हीमंदी!"

आहाहा! काय सांगू तुम्हाला तो आवाज! उन्हात वाळत घातलेल्या घोंगडीसारखा, जाड आणि ऊबदार. गल्लीतल्या दारांच्या कड्या पटापट निघाल्या. आमची गल्ली पडली कीर्तनाची वेडी. आमच्या राममंदिरात यज्ञेश्वरबुवा नारदीय कीर्तन करतात, आणि ते चालू असताना आमच्या घरांत चोर शिरला तरी त्याला शेवटचा उत्तररंग संपेपर्यंत निवांत वेळ मिळेल. अशा गल्लीत सकाळी सकाळी पद ऐकू आल्यावर काय होणार? बादल्या, पिशव्या, डबे घेऊन सगळे खाली. कोपऱ्यावरचा डोंगर त्याच दिवशी उठला. तिसऱ्या मजल्यावरची संगणक कंपनीतली मुलगी गॅलरीतून ओरडली, "काका, वन्स मोअर! माझी मीटिंग गेली उडत!"

आणि इथेच घोटाळा झाला.

कीर्तनाला बसलेल्या माणसाने आरतीआधी उठू नये, हा आमच्याकडे नियम. बाहेर आभाळ कोसळलं तरी नियम. पद ऐकत लोक ओट्यांवर, पायऱ्यांवर बसले, आणि एकदा बसल्यावर उठायचं कसं? हातातला कचरा हातातच. बरं, आरती म्हणाल, तर ती देवळात रोज आरती धरणाऱ्या विमलाबाईंच्या हातात. त्या निरांजन घेऊन उभ्याच असत, पण दर पदानंतर डोळे पुसून म्हणत, "अजून एक होऊ दे रे लेकरा." कोणीतरी गाडीच्या पुढच्या काचेला हार घातला. कोणीतरी ओल्या कचऱ्याच्या डब्याला गंध लावलं. एका आजोबांनी भरात येऊन डब्यात केळ्याची साल टाकली आणि पाठोपाठ वाकून नमस्कारही केला. मागे अडकलेला दुधाचा टेम्पोवाला आधी हॉर्न वाजवत होता, मग टाळ्या वाजवायला लागला.

दीपमाला मागून नवऱ्याचा सदरा ओढायची. "आवं, चला की! ट्रक जाईल!"

"आरती झाल्याबिगर गाडी कशी हलवू?"

"मग देवाला म्हणावं, रॅम्पचं फाटक धरून उभा ऱ्हा."

एक दिवस गाडी फाटक लागता लागता आत शिरली. पुढच्या खेपेला फाटक लागलंच, आणि भरलेली गाडी तशीच परत आली. प्रेमाने माणसाची नोकरी घालवता येते ती अशी. आम्ही सगळे मिळून ती घालवत होतो, आणि वर हात जोडून घालवत होतो.

मग उजाडला तो दिवस. त्या दिवशी खुद्द यज्ञेश्वरबुवा उपरणं सावरत गाडीपुढे उभे राहिले. म्हणाले, "उत्तरेश्वर, तू पद म्हण, मी निरूपण करतो." विषय काढला त्यागाचा! "अहो, धरून ठेवलेलं सोडणं म्हणजे त्याग," बुवा सांगत होते, आणि अख्खी गल्ली कचऱ्याच्या पिशव्या छातीशी धरून माना डोलवत होती.

इतक्यात त्या चपला वाजल्या. भाग्यश्री मॅडम, आणि त्यांच्यामागे एक अवघडलेला माणूस. तो शंभू, कात्रजचा ड्रायव्हर. गाडीची किल्ली ताब्यात घ्यायला आणलेला.

मॅडमनी तोंड उघडायच्या आत विमलाबाईंनी त्यांच्या कपाळाला बुक्का लावला आणि गळ्यात हार घातला. कीर्तनाच्या मध्यंतरात आलेल्या पाहुण्याचा मान असतो तो.

"अहो, मी कारवाई करायला आले आहे!"

"बसा हो, बसा. कारवाई आरतीनंतर."

"श्शऽऽ!" सगळी गल्ली एकदम.

मॅडम बसल्या. शंभूही बसला. आमच्या त्या 'श्श'पुढे भलेभले बसतात.

उठली ती एकटी दीपमाला. गाडीच्या मागच्या फळीवर चढली आणि भर निरूपणात बोलली. तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

"बुवा, चूक पदरात घ्या. आज फाटक लागलं तर मी हितं आन् हे कात्रजला. तुम्ही त्याग त्याग म्हनताय, मला आत्ताच नगं तो त्याग. देव तुमचा हाय तसा माझाबी हाय. पर माझा संसार ह्या गाडीवर हाय, आन् तुमी समदे तिच्या चाकापुढं बसलाय."

टाळ थांबले. बुवांच्या हातातल्या चिपळ्या तशाच वर राहिल्या. कीर्तन अर्ध्यावर सोडायचं? त्यांच्या हयातीत कधी घडलं नव्हतं. चालू ठेवायचं? समोर ही पोर उभी. बुवांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे, आणि त्यांचा चेहरा असा उजळला म्हणता!

"अहो, आपलं कीर्तन कोणतं? नारदीय! आणि नारद कधी एका जागी बसलेला ऐकलाय का कोणी? तिन्ही लोक पायांनी हिंडला, गात गात! कीर्तन सोडायचं नसतं, पण चालवायला कोणाची बंदी आहे? उठा! आरती रॅम्पवर!"

मग काय विचारता! बुवा पुढे चिपळ्या वाजवत. पेटी दोघांनी झोळीत घातल्यासारखी धरलेली, तिसरा चालता चालता वाजवतोय. त्यांच्यामागे हार घातलेली घंटागाडी, स्टिअरिंगवर बसून गाणारा उत्तरेश्वर, आणि फळीवर दीपमाला, चालत्या गाडीत कचरा घेतेय: "सुकं हिकडं, ताई! काका, नारळाची शेंडी सुक्यात! आवं, निरांजन नगा टाकू, विमलाबाई, ते आरतीचं हाय!"

बाजीराव रस्त्यावर आलो आणि पुण्यात कधी न घडलेलं घडलं. दुचाकी थांबल्या. स्वतःहून. भजनापुढे हॉर्न कोण वाजवणार? चौकातल्या हवालदाराने टोपी काढून नमस्कार केला आणि भरलेली बस हाताने अडवली. "कुठली पालखी?" एकाने विचारलं. सरोजिनीबाई काठी टेकत चालल्या होत्या. म्हणाल्या, "कचऱ्याची. तुमच्या घरचा असेल तर आणा, वेगळा करून." शंभू रिकाम्या डब्याच्या झाकणावर ठेका धरून सगळ्यांच्या पुढे नाचत होता. किल्ली घ्यायला आलेला माणूस!

मॅडमचा फोन वाजला. "हो सर, गाडी मार्गावर आहे... नाही सर, मी गाडीच्या पुढे आहे... टाळच आहेत, सर... हार? हो, तो माझ्याच गळ्यात आहे."

रॅम्पचा पहारेकरी फाटक ओढत होता. त्याने पाहिलं, गळ्यात हार घातलेल्या मॅडम, उपरण्यातले बुवा, मागे जनसमुदाय. त्याने घाबरून फाटकाचे दोन्ही दरवाजे सताड उघडले. "काय उद्घाटन हाय का? मला कुणी सांगितलं न्हाई!"

गाडी चढावर चढली. ट्रकच्या पोटात कचरा धबाधबा कोसळला, आणि त्याच क्षणाला विमलाबाईंनी आरती धरली. नाकाला पदर लावून आम्ही आरती म्हटली. वास होता, नाही कसा? पण खरं सांगतो, इतकी भरल्या गळ्याची आरती मी देवळातही ऐकलेली नाही. उत्तरेश्वर आणि दीपमाला गाडीला टेकून शेजारी शेजारी उभे होते. तिने नवऱ्याच्या सदऱ्याची बाही मुठीत धरली होती.

आरतीचा हात तोंडावरून फिरवून मॅडम भानावर आल्या. "आज जमलं. गाडी वेळेत आली. पण उद्या? रोज अख्खी गल्ली चालत येणार?"

सगळ्यांनी आपापल्या गुडघ्यांकडे पाहिलं. दीपमालाची मूठ आणखी आवळली.

सरोजिनीबाई म्हणाल्या, "उद्यापासून आरती आधी करा."

"आधी?" बुवा दचकले. "उलटी गंगा?"

"आरती झाली की माणूस उठायला मोकळा. नियम तुमचाच, बुवा. तुम्ही तो शेवटून धरता, मी सुरुवातीपासून धरा म्हणते. आरती, मग कचरा, मग गाडी सुटली की मागून ऐकू येईल तेवढं गाणं."

बुवा पोट धरून हसायला लागले. "बाई, तुम्ही कीर्तनाला उभ्या राहिल्या असतात तर आमची सुट्टी होती! मान्य!"

मॅडम शंभूकडे वळल्या. शंभूने हात जोडले. "मॅडम, मला माझी कात्रजची गाडीच बरी. ह्या गल्लीत गाडी चालवायची तर आधी गायन शिकावं लागेल."

"मग किल्ली ज्याची त्याच्याकडेच राहू द्या," मॅडम म्हणाल्या, आणि पाठ वळवून त्यांनी हळूच हार सरळ केला. काढला मात्र नाही.

आजही आमच्या गल्लीत असंच चालतं. आधी आरती, मग बादल्या, मग गाडी. कार्यालयात कोणी विचारलंच तर मॅडम म्हणतात, स्थानिक पद्धत आहे. आणि दुपारी कुठेतरी झाडाखाली एक डबा उघडतो, त्यात दोघांची भाकरी असते.

उत्तरेश्वरची आठवण ठेवा, असं मी म्हणत नाही. त्याचा आवाज एकदा कानात गेला की तो आपली आठवण स्वतः ठेवून घेतो. माझं मागणं दीपमालासाठी आहे. आम्ही सगळे देवाच्या नादात डोलत होतो तेव्हा भरल्या कीर्तनात एकटी उभी राहिली ती. उद्या सकाळी बादली घेऊन जिना उतराल तेव्हा क्षणभर तिला आठवा. आणि आठवलंत, तर बाबांनो, ओलं-सुकं घरूनच वेगळं करून आणा. तिचे हात दुखतात.