झिपरूभाऊंची कोरी जागा

"मी कव्हय म्हनं नको?" झिपरूभाऊंनी माझ्या टेबलावर हात आपटला. "वावर तयार शे, ठिबक बठ्ठं टाकेल शे. अन् तुमनं मशीन म्हनस, झिपरूले रोपं नको!"

भडगावजवळच्या केळीच्या रोपवाटिकेत मागणीची यादी काढणारा माझा कंप्यूटर प्रोग्रॅम सुरू होऊन जेमतेम चार दिवस झाले होते. यादीत झिपरूभाऊंच्या नावासमोर 'मागणी नाही' असं छापलेलं. त्यांची अडीच हजार रोपं दुपारी दुसऱ्या गावच्या गाडीत चढणार होती, आणि हंगामाची ही शेवटची खेप.

अभिमननाना इथले कारकून. मागणीचं रजिस्टर एकतीस वर्षं त्यांच्याच हाती. परवा ते निवृत्त होणार. खरं सांगते, पहिल्याच दिवशी मी त्यांना शहाणपणा शिकवला होता, "नाना, आता तुम्ही आराम करा." दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, भोगा आता! नानांनी गुपचूप झिपरूभाऊंचा अर्ज शोधून काढला. रोपांच्या संख्येची जागा कोरी.

"मयुरीताई, कोरी जागा म्हणजे गेल्या वर्षीइतकीच. इथं सगळे तसंच सोडतात. ज्याला नको असतील तो शून्य काढतो."

"मग आधी सांगायचं ना, नाना!"

"तुम्ही विचारलं कुठं?"

घ्या! मी प्रोग्रॅम उघडला. मागणी शून्य आहे का हे तपासताना मी 'बरोबर'ची (=) दोनच चिन्हं टाकली होती. दोन चिन्हं असली की कंप्यूटर सैल हातानं मोजतो, कोऱ्या जागेलाही शून्यच धरतो. तीन टाकली की काटेकोर होतो. शून्य ते शून्य, कोरं ते कोरं. मी तिसरं चिन्ह टाकलं. कोरं असेल तिथं गेल्या वर्षीचा आकडा घ्यायला सांगितलं. यादी पुन्हा काढली, तर एकोणीस जण 'मागणी नाही'तून सुटले. झिपरूभाऊंसमोर अडीच हजार!

"आते जमनं!" म्हणत झिपरूभाऊ ट्रॅक्टर लावायला पळाले. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू.

प्रोग्रॅममध्ये पुढच्या माणसासाठी टीप लिहून ठेवायची पद्धत असते. मी ती मराठीतच लिहिली आणि स्क्रीन नानांकडे वळवली: 'कोरी जागा म्हणजे गेल्या वर्षीइतकीच. शंका आल्यास अभिमननानांना विचारावे.'

नानांनी दोनदा वाचलं.

"पण परवापासून मी नाही ना इथं."

"मग फोन नंबर सांगा."

त्यांनी एकेक आकडा सावकाश सांगितला. मग चष्मा सारखा करून, शेवटचा आकडा बरोबर पडलाय का, ते वाकून स्वतः बघितलं.