खारीची गोष्ट, पहिली ओळ

“अहो, पुरे आता! सकाळपासून त्या खारीचा जीव खाल्लात,” बायको स्वयंपाकघरातून ओरडली.

“खारीनेच माझा खाल्लाय!” म्हातारा कंपोझिटर खेकसला.

खारीला फ्रेंचमध्ये ‘एक्यूरय’ म्हणतात. हा शब्द कुठे तोडायचा, हे त्याने झोपेतही सांगितलं असतं. छापखान्यात एकतीस वर्षं त्याने शाळेच्या फ्रेंच पुस्तकांचे खिळे जुळवले होते. ओळ संपली की शब्द कुठे मोडून खाली न्यायचा, हे मास्तरसुद्धा येऊन त्याला विचारायचे. पण यंत्रांच्या त्या खडखडाटात कुणी ते शब्द मोठ्याने म्हणून दाखवले नव्हते. तोडायचं सगळं येत होतं, बोलायचं मेलं काहीच नाही. आणि परदेशात जन्मलेल्या पाच वर्षांच्या नातीला फ्रेंचशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. आज तिला फोनवर फ्रेंच पुस्तकातली खारीची गोष्ट वाचून दाखवणार, असं त्याने आठवडाभर आधी जाहीर करून टाकलं होतं; म्हणून सकाळपासून मोठ्याने सराव चालला होता.

“शेवटची अक्षरं म्हणे बोलायचीच नाहीत! मग छापायची कशाला? उगाच बोटं झिजवली आमची.”

दुपारी फोन लागला. पडद्यावर नात आणि तिच्यामागे तिचा बाप, म्हणजे त्याचा मुलगा. चष्मा सावरून त्याने वाचायला घेतलं. एकेक तुकडा नीट, थांबत थांबत. ए. क्यू. रय. कपाळावर घाम आला. पहिली ओळ संपली. नात टक लावून बघत होती, हसली मात्र नाही. बापाकडे वळून तिने हळूच काहीतरी विचारलं.

“काय म्हणतेय?”

“काही नाही, बाबा.”

“काही नाही कसं? पाच वर्षांत पोरीला ‘आजोबा’ एवढं म्हणायला शिकवलं नाहीस. आता निदान ती काय बोलली ते तरी सांग!”

मुलगा वरमला. “विचारतेय, आजोबांना बरं नाहीये का? असं धाप लागल्यासारखं का बोलतायत?”

म्हाताऱ्याचा राग कुठल्या कुठे गेला. फार वाईट वाटलं. त्याने पुस्तक मिटलं.

“सांग तिला, ठणठणीत आहे म्हणावं.”

मुलाने सांगितलं. नातीने मान डोलावली, हात हलवला आणि फोन बंद झाला.

बायको हात पुसत बाहेर आली. “झाली का गोष्ट? काय म्हणाली हो?”

“माझी तब्येत विचारत होती,” तो म्हणाला. “अगदी काळजीने.”