नाक्यावरची तालीम

नेहाद परक्या लष्कराच्या ताब्यातल्या तुबास गावात, शाळेत भूगोल शिकवायचा. त्याची मामेबहीण रिहाब विनोदी सिनेमा काढत होती. "तुझा चेहराच कटकट्या आहे," असं म्हणून तिने लष्करी तपासणी नाक्यावरच्या सैनिकाचं काम त्याच्या गळ्यात मारलं. शिंप्याकडून आणलेला लष्करी गणवेश पिशवीत कोंबून तो आडवाटेने चित्रीकरणाला निघाला, तर त्याच सकाळी आडवाटेवरही नाका बसला होता.

गणवेश सापडला. हात बांधून त्याला तीन तास उन्हात बसवलं. आपण नट आहोत हे तो सांगत राहिला. शेवटी अधिकाऱ्याने रिहाबला फोन लावला, तिने सिनेमाची कथा ऐकवली. अधिकारी हसला नाही. हात सोडून म्हणाला, "करून दाखव."

रांगेत खोळंबलेल्या गाड्यांमधून माणसं बघत होती. नेहादने सिनेमात ज्याला अडवायचं तो म्हातारा समोर आहे असं धरून आरडाओरडा केला, पाय आपटले. सैनिक खो खो हसले.

"ओरडतोस कशाला?" अधिकारी म्हणाला. "त्याच्याकडे बघूच नकोस. मोबाइल बघ. आपण इथे नाहीच, असं त्याला स्वतःलाच वाटलं पाहिजे."

गणवेश ठेवून घेऊन त्याने नेहादला सोडलं. सूचना अगदी बरोबर होती, याचीच नेहादला वाटभर चीड येत राहिली.

दुसरा गणवेश शिवून व्हायला दोन आठवडे गेले. म्हाताऱ्याच्या कामाला अबू वासेफ होते, निवृत्त पोस्टमन. नेहाद चार वेळा ओरडला, रिहाबने चारही वेळा नकारार्थी मान हलवली. पाचव्यांदा त्याने खिशातून मोबाइल काढला आणि त्यातच डोकं घातलं. अबू वासेफ आपली वाक्यं विसरले. ओळखपत्र पुढे धरून पुन्हा पुन्हा म्हणू लागले, "बाळा, मी इथे उभा आहे ना." रिहाबने कॅमेरा थांबवला नाही.

तुबासच्या सभागृहात सिनेमा दाखवला तेव्हा सगळ्यात जास्त हशा याच प्रसंगाला पिकला. पुढच्या रांगेतल्या बायका डोक्यावरच्या रुमालाने डोळे पुसत होत्या. शेजारी बसलेल्या अबू वासेफनी नेहादच्या मांडीवर थाप मारली.

"हे मोबाइलचं कुठे शिकलास रे?"

"रोज बघतोच की, चाचा," नेहाद म्हणाला. खरं काय ते त्याने रिहाबलाही सांगितलं नव्हतं. पडद्यावर तो अजून मोबाइल बघत होता, आणि लोक हसायचे थांबत नव्हते.