उन्हात वाळवलेल्या बाह्या

इंदुमतीबाईंच्या धुण्याला हात लावायची छाती अख्ख्या परदेशीपुऱ्यात कोणाची नव्हती, मग सहा महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेल्या सुनेची काय बिशाद! त्यातही रविवारचं एक काम देवपूजेच्या वरचं: जयेशच्या पिवळ्या बाह्या धुणं. जयेश त्यांचा एकुलता एक. सांवेर रोडच्या एका कारखान्यात मोठमोठ्या काचा कापायचा, आणि काच काही कोणाची सगी नसते. म्हणून मनगटापासून दंडापर्यंत चढवायला या बाह्या मिळालेल्या, अरामिड नावाच्या धाग्याच्या.

सून वल्लरीही सांवेर रोडलाच नोकरीला, पण अरामिडचं कापड विणणाऱ्या दुसऱ्या कारखान्यात. यंत्रात धागा ताणून तो कधी तुटतो ते बघायचं, हे तिचं काम. तेवढ्याच वजनाच्या पोलादी तारेला हा धागा हार जात नाही, आगीत वितळत नाही, आणि घरातली कात्री त्याच्यापुढे नुसती चावत बसते. पण एवढ्या दांडग्या गड्यालाही दोन गोष्टी सोसत नाहीत, ऊन आणि ब्लीच.

त्या रविवारी, मे महिन्याच्या भर दुपारी, वल्लरी गच्चीवर पापड उलटायला गेली आणि पापड तसेच सोडून दोरीकडे वळली. दोरीवर बाह्या वाळत होत्या, पण पिवळ्या कसल्या, चहाच्या गाळणीसारख्या तपकिरी! खाली येऊन पाहिलं तर मोरीत ब्लीचची बाटली. मग तिला सगळं उलगडलं. उन्हाने बाह्यांचा रंग काळवंडायचा, सासूबाईंना तो मळ वाटायचा, की पुढच्या रविवारी ब्लीच जास्त आणि ऊनही जास्त. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

तिने जयेशला हळूच सांगितलं. तो म्हणाला, कपाटात नवी जोडी पडली आहे, आईनेच जपून ठेवलीये, उद्यापासून ती घालतो. "पण आईला बोलू नकोस यार. खचून जाईल ती."

आता काय करावं? न सांगावं तर नवी जोडीही ब्लीचमध्येच बुडणार, आणि सांगावं तर त्या माउलीला तिच्याच मायेचा घाव. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! वल्लरी घासलेलीच भांडी पुन्हा घासत राहिली. पण उद्या-परवा त्या काचेखाली जयेशचाच हात असणार होता. शेवटी तिने सासूबाईंना स्वयंपाकघरात बोलावलं आणि सगळं सांगून टाकलं.

इंदुमतीबाई आधी भडकल्याच. जन्मभर धुणं धुतेय, उन्हाने कधी कपड्याचं वाईट झालंय का, काल आलेली पोर मला अक्कल शिकवणार? वल्लरीने दुधीचे दोन तुकडे केले, एकाला नवी बाही चढवली, एकाला जुनी, आणि दोन्हींवरून तीच सुरी तेवढाच जोर देऊन फिरवली. नव्या बाहीतला दुधी जसाच्या तसा राहिला. जुनी बाही मात्र सर्रकन फाटली आणि दुधीत खोल चीर पडली.

इंदुमतीबाईंनी त्या चिरेत बोट घातलं. बराच वेळ काढलंच नाही.

"इथे माझ्या जयूचा हात असता," त्या म्हणाल्या.

मग हळूहळू एकेक बाहेर पडू लागलं. दोन वर्षांपूर्वी बाही सरकून जयेशच्या मनगटाला काच लागली होती. टाके पडले, आणि बाही रक्ताने माखून घरी आली. तो डाग साबणाने जाईना, म्हणून त्यांनी पहिल्यांदा ब्लीच आणलं. डाग गेला, पण मन चिंती ते वैरी न चिंती. नंतर दर रविवारी बाही कितीही स्वच्छ दिसली तरी त्यांना तिथे रक्तच दिसायचं.

वल्लरीला एकदम भरून आलं. सहा महिने ती मनात म्हणत होती, नवऱ्याच्या कपड्यालाही हात लावू देत नाही, काय ही सासू! आणि ही बाई बिचारी दर रविवारी एकटीच मोरीत भीत बसलेली. तिला स्वतःची लाज वाटली.

इंदुमतीबाईंनी पदराने डोळे पुसले आणि नवी जोडी सुनेपुढे सरकवली. "आजपासून तूच धू, बेटा. माझा मलाच भरवसा नाही राहिला."

"मी नाही धुणार, आई," वल्लरी म्हणाली. "मी घाई करेन, विसरेन. तुमच्याइतकं जिवापाड कोण धुईल? साधा साबण लावा आणि सावलीत वाळवा, बस. बाकी सगळं तुमच्या मनासारखं."

इंदुमतीबाईंनी जोडीतली एक बाही उचलून तिच्या हातात दिली आणि दुसरी आपल्या मांडीवर घेतली.

"हात दोन आहेत त्याचे," त्या म्हणाल्या. "एक तू सांभाळ, एक मी."